गांधारावर उचललेलं बोट

सदूभाऊ, तुमच्या तेराव्याला, पानं उठल्यावर, इंदूरहून आलेल्या, पूर्वी कधीमधी भजनाला बसणाऱ्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, पेटीची रीड कुठली आहे? वहिनींनी तुमच्या फोटोशेजारी पेटी ठेवली होती, तिलाही हार घातला होता. माणूस जाऊन दोन आठवडे झाले नाहीत आणि हे महाशय हार सरकवून झाकणाखाली डोकावतायत. मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, आवाजावरून जर्मन कधी वाटली नव्हती. मी तिथून निघालो आणि मागच्या नळावर जाऊन हात धुतले. ते मी आधीच धुतले होते.

त्याला आठवडाही झाला नाही आणि राग काही उतरत नाही. त्या गृहस्थांचा राग आला हे ठीक, कुणालाही येईल. पण मी तुमच्यावरही चिडलो आहे. गेलेल्या माणसाशी भांडायची सोय नसते, म्हणून लिहायला बसलो. माझं मराठी लिहिणं तुम्हाला ठाऊक आहे. हिंदी शाळेत शिकलेला माणूस मी, ऱ्हस्व-दीर्घ देवाच्या हवाली. चालवून घ्या.

त्र्याण्णव साली मी धारहून देवासच्या कारखान्यात नोकरीला आलो आणि तुमच्यापासून दोन घरं सोडून खोली मिळाली. तुम्ही साताऱ्याकडून त्याच कारखान्यासाठी आलेले, टूलरूममधले फिटर. आमचं घराणं दरबाराबरोबर धारला आलेलं, पणजोबा घोड्यांची खोगिरं शिवायचे. पहिल्याच भेटीत मी वहिनींना म्हणालो, 'मला खूप भूक लागून राहिली आहे,' आणि तुम्ही इतके हसलात की हातातला चहा सांडला. म्हणालात, हे कुठलं मराठी? मी म्हटलं, धारचं. तेव्हापासून मी धारकर झालो. माझं खरं आडनाव तुम्हाला शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंकाच आहे.

तुमच्याकडचं गुरुवारचं दत्ताचं भजन तसं चारचौघांसारखंच होतं, फक्त पेटीचा कायदा वेगळा. पेटी एका जागी बसायची नाही. एक भजन झालं की ती डावीकडे सरकायची, आणि ज्याच्यापुढे येईल त्याने वाजवायचं. येत असो वा नसो. ज्याला काहीच येत नाही त्याने भाता मारायचा आणि नुसता सा धरून ठेवायचा. पेटीवर हात चालणारे तुम्ही आणि आणखी एक-दोघे, बाकी सगळे आमच्यासारखे. मी तीन महिने नुसता सा धरला. मग एका गुरुवारी तुम्ही मागून हात घालून माझं दुसरं बोट धरलंत आणि पंचमावर नेऊन ठेवलंत. एवढंच. त्या आठवड्यात कारखान्यात मशीनवर उभा असताना माझी बोटं आपोआप हलायची.

पेटी तुमच्याच हातची होती. हाटपिपल्याच्या एका भजनी मंडळाची पिठाची चक्की तुम्ही दुरुस्त करून दिलीत, त्यांनी माळ्यावर पडलेली, अर्धी वाळवीने खाल्लेली पेटी तुम्हाला दिली. पेटी कसली, सांगाडा. तुम्ही तिला नवी फळी बसवलीत, भात्याला नवं कातडं लावलंत, आणि मग रविवार-रविवार बसून एकेक सूर लावलात. त्यातला गांधार लावताना मी तिथे होतो. कुसुमवहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून गहू निवडत होत्या. तुम्ही म्हणायचात, 'हं, ग घे.' त्या मान वर न करता ग घ्यायच्या. तुम्ही रीड, सुराची ती पितळी जीभ, बाहेर काढायचात, बारीक कानशीने मुळाशी एक हात मारायचात, परत घालायचात, वाजवायचात, पुन्हा म्हणायचात ग घे. असं दुपारभर चाललं. शेवटी त्यांचा आवाज आणि पेटीचा आवाज एक झाला, कुठला कुणाचा ते कळेना, तेव्हा तुम्ही कानस ठेवलीत. आपलं सगळं भजन एकाच पट्टीतून, काळी एकमधून. म्हणून ती पेटी त्या एका पट्टीला आणि त्या एका घराला लावलेली होती.

मला त्या दिवसांत आनंद व्हायचा. हा शब्द मी फार जपून लिहितोय. बागलीला गणपतीत गेलो होतो, आठवतं? दुसऱ्याच भजनात भात्याची घडी फाटली. समोर माणसं बसलेली. रामेश्वर भिया, पीपलरावां गावचे, आपले ढोलकवाले, त्यांनी ठेका थांबवला नाही, उलट वाढवला. तुम्ही माझा तळवा ओढून फाटलेल्या जागेवर दाबून धरलात आणि वाजवत राहिलात. पूर्ण भजनभर मी गुडघ्यावर बसून भात्याबरोबर हात मागेपुढे करत होतो आणि माझ्या बोटांमधून वारा सुटत होता. दोघांनी मिळून एक पेटी वाजवली. परत येताना जीपमध्ये मला हसू आवरेना. तुम्ही म्हणालात, धारकर, आज तू पहिल्यांदा सुरात वाजवलंस.

मग नेट आलं, आणि माझ्या कपाळी शहाणपण आलं.

आधी बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत जायचो, पुढे घरीच कॉम्प्युटर घेतला. तिथे पेटीवाल्यांचा एक गट सापडला. कुणी पुण्याचे, कुणी अमेरिकेतले. पहिला महिना मी हरखून गेलो होतो, वाटलं आपलं मोठं गुरुवारचं भजनच भरलंय. हळूहळू कळलं की तिथे कुणी वाजवत नाही. तिथे बोलतात. कुठल्या गावची पेटी, कुठलं लाकूड, रीड जर्मन की देशी. जर्मन रीड नसेल तर पेटीला पेटी म्हणू नये, असं एकाने लिहिलं आणि तीसजणांनी माना डोलावल्या. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे, पण मला तो उंट आवडायला लागला. मी पट्टी बदलणारी मोठी पेटी घेतली, जर्मन रीडची. सूर मोजायचा ट्यूनर घेतला. माइक घेतला. ड्यूटीवरून आलो की दोन तास सागवान चांगलं की देवदार हे वाचायचो, आणि वाजवायची वेळ संपलेली असायची. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी अंगण सोन्याचं करून घेतलं आणि नाचायचंच राहिलं.

दोन हजार सातच्या सुमारास एका गुरुवारी मी आपलं भजन रेकॉर्ड केलं आणि त्या गटावर टाकलं. मला खरंच वाटत होतं की वहिनींचा आवाज आणि तुमची पेटी ऐकून लोक गप्प होतील. लोक काही गप्प झाले नाहीत. ही पेटी आहे की पत्र्याची ट्रंक. वाजवणाऱ्याला बोटं कशी ठेवायची हे कुणी शिकवलेलं नाही. गांधार उतरलेला आहे, आणि ते सिद्ध करायला एकाने आलेख काढून चिकटवला होता. असल्या लोकांमुळे वाद्याची बदनामी होते, असंही. चाळीस-एक जणांनी लिहिलं आणि भजन कसं झालं यावर एक ओळ नव्हती.

तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, हे माझं नशीब. तुम्ही रोज गेटवर विचारायचात, काय म्हणतात तुझे नेटवाले? मी म्हणायचो, चांगलं म्हणतात. तुम्ही ते कॉलनीभर सांगितलंत. किराणावाल्याला सांगितलंत की आपलं भजन अमेरिकेत ऐकलं. तो किराणावाला मला रस्त्यात थांबवून 'भिया, बधाई' म्हणाला आणि मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की पेटीच नीट करून टाकावी. मग पुन्हा रेकॉर्ड करू, मग त्यांना दाखवू, आणि जे खोटं बोललो ते खरं होईल.

तुम्ही आणि वहिनी पुतणीच्या लग्नाला गावी गेलात आणि पेटी माझ्याकडे ठेवून गेलात. मी ती इंदूरला एका कारागिराकडे नेली. म्हातारा माणूस होता. त्याने दोन सूर वाजवले, गांधारावर थांबला आणि म्हणाला, 'भैया, ये किसी ने जानकर बिठाया है। इसको रहने दो।' सदूभाऊ, तो मला सांगत होता. स्पष्ट शब्दांत सांगत होता. मी खिशातून ट्यूनर काढला, त्याच्यासमोर धरला आणि काटा दाखवला. म्हटलं, काटा मध्यावर आला पाहिजे, सगळ्या सुरांचा. त्याने खांदे उडवले आणि कानस घेतली.

तुम्ही आल्यावर पहिल्या गुरुवारी मी पेटीवरचं फडकं काढलं तेव्हा लग्नघरातल्या नवऱ्या मुलाच्या बापासारखा मिरवत होतो. पॉलिशही करून आणलं होतं. तुम्ही वाजवायला घेतलीत. वहिनींनी पहिली ओळ म्हटली आणि गांधारावर आल्यावर थांबल्या. पाणी प्यायल्या. पुन्हा म्हटली, पुन्हा थांबल्या. म्हणाल्या, आज घसा बरा नाही. ते माझ्यासाठी म्हणाल्या. रामेश्वर भिया सरळ माणूस, त्यांनी ढोलकवरचा हात काढला आणि म्हणाले, 'भिया, या पेटी तो सुद्ध हुई गी, पण अपणो गळो इमें नी बेठे।' पेटी शुद्ध झाली, पण आपला गळा तिच्यात बसत नाही.

सगळे गेल्यावर तुम्ही पांढरी चार दाबलीत, आपला गांधार, आणि दाबूनच ठेवलीत. मी तुम्हाला ट्यूनर दाखवला. काटा बरोबर मध्यावर होता, जराही हलत नव्हता. मी म्हटलं, आता पेटी मापात आहे. तुम्ही शांतपणे म्हणालात, 'धारकर, तीस वर्षं मायक्रोमीटर हातात धरलाय मी. मापाचा अपमान मी करणार नाही. पण शाफ्ट कुठल्या भोकात बसायचाय ते बघून माप काढतात.'

मी म्हटलं, सगळी दुनिया याच मापावर चालते.

'मग दुनियेला बोलव गुरुवारी गायला.'

यावर मी चिडून नको ते बोललो. म्हटलं, तुम्हाला नवीन काही शिकायचंच नाही, म्हणून तुमची पेटी कॉलनीच्या बाहेर जात नाही. तुम्ही पांढरी चार सोडलीत. रीड पुन्हा घासता येणार नव्हती, एकदा मुळाशी आणि एकदा टोकाला घासलेली, तिसऱ्यांदा तुटलीच असती. मी नवी रीड आणतो म्हटलं, माझी मोठी पेटी घ्या म्हटलं. तुम्ही म्हणालात, राहू दे.

आणि पुढच्या गुरुवारपासून तुम्ही ते सुरू केलंत. भजन वाजवताना गांधार आला की बोट उचलायचं. बाकी सगळे सूर पेटीचे, आणि ग मात्र नुसत्या गळ्याचा. तिथे पेटी गप्प. पुन्हा मध्यम आला की पेटी सुरू. वहिनींचा घसा एकदम बरा झाला. सगळे गायला लागले. आणि मी कोपऱ्यात बसून ते बोट मोजत होतो. एका भजनात किती वेळा गांधार येतो तुम्हाला कल्पना आहे. दर वेळी मला वाटायचं, हे मला दाखवण्यासाठी आहे. मोठ्याने शिव्या देणारा माणूस परवडतो, सदूभाऊ. पट्टीवरून बोट उचलणारा परवडत नाही.

मी तीन महिने सोसलं आणि मग शिफ्टचं कारण सांगून यायचं बंद केलं. तुम्ही दर बुधवारी माझ्या फाटकाशी यायचात. 'धारकर, उद्या गुरुवार.' मी म्हणायचो, शिफ्ट आहे. शिफ्ट नसायची हे तुम्हाला माहीत होतं, त्याच कारखान्यात आयुष्य गेलं होतं तुमचं. तरी तुम्ही मान हलवून निघून जायचात. जवळजवळ दोन वर्षं. एकदाही तुम्ही म्हणाला नाहीत की ये, मी रागावलेलो नाही. एकदाही मी म्हणालो नाही की चुकलो. या दोन वर्षांत माझी जर्मन रीडची पेटी मी किती वेळा उघडली असेल? दिवाळीत पुसायला. गटावर मात्र रोज जात होतो. तिथे मला आता लोक मान द्यायचे, कारण मीही दुसऱ्यांच्या गांधाराचे आलेख काढायला शिकलो होतो.

शेवटच्या महिन्यात तुम्हाला बघायला आलो तेव्हा आपण पाऊण तास कूलरच्या पंपाबद्दल बोललो. पंप पाणी का चढवत नाही याची पाच कारणं तुम्ही मला सांगितलीत. मी सगळी ऐकून घेतली. पेटी खाटेखालीच होती, फडक्यात बांधलेली. दोघांनी तिच्याकडे बघितलं आणि दोघेही पंपावर परत आलो. आता मला स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटते. पण तुमचंही काही अडलं नव्हतं, बोलायला तोंड होतं तुम्हाला.

काल गुरुवार होता. वहिनींनी निरोप पाठवला की भजन होणार. मी गेलो, दाराजवळ बसलो. सात-आठ माणसं होती. पहिलं भजन रामेश्वर भियांच्या मुलीने वाजवलं, तिने नुसता सा धरला. पेटी सरकत सरकत माझ्यापुढे आली. मी म्हटलं, नको, मला सवय राहिली नाही. वहिनी म्हणाल्या, 'सवयीचं कोण विचारतंय, नंबर तुझा आहे.' मी भाता सोडला. बोटं लाकडासारखी झाली होती. दुसऱ्या ओळीला बोट सवयीने गांधारावर पडलं, पेटीचा सूर एकीकडे आणि वहिनींचा दुसरीकडे, सगळ्या खोलीत ती खडखड ऐकू आली. कुणी थांबलं नाही. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. वहिनी आपला ग लावून पुढे गेल्या, मागोमाग बाकीचे. मी चार ठिकाणी चुकलो, आणि शेवटच्या कडव्यात ढोलकबरोबर एकदा नीट समेवर आलो, तेव्हा माझ्या तोंडून 'वा' निघून गेलं. स्वतःलाच. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

सगळे गेल्यावर मी वहिनींना म्हटलं, सदूभाऊंनी मला माफ केलं नाही, मी येत होतो तोवर दर गुरुवारी त्या जागी बोट उचलत राहिले. त्या ताटं गोळा करत होत्या, तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'अरे, मीही त्यांना विचारलं होतं, की अहो, बिचाऱ्याला किती दिवस शिक्षा करणार? तर म्हणाले, शिक्षा कसली. धारकरनं माझी सोय केली. इतकी वर्षं मी पेटीच ऐकत होतो, आता त्या जागी तू एकटी ऐकू येतेस.'

हे तुम्ही मला सांगू शकला असता, सदूभाऊ. दोन घरं सोडून राहत होतो मी. दर बुधवारी फाटकाशी येत होतात, 'उद्या गुरुवार'च्या पुढे आणखी एक वाक्य बोलायला काय हरकत होती? मी रात्रंदिवस अपमान समजत बसलो आणि तुम्ही तिथे बायकोचा आवाज ऐकत होतात. तुमचा मला राग येतो, आणि हे लिहिताना डोळ्यांना पाणी येतं आहे तेही त्याच रागाचं आहे असं समजा.

आता माझं सांगतो, कारण मीही एक गोष्ट गिळून बसलो आहे. त्या गटावर चाळीसजण टोमणे मारत होते, तेव्हा एकाने, फक्त एकाने, साधा प्रश्न विचारला होता. हे पेटी वाजवणारे तुझे कोण? मी लिहिलं होतं, 'कोणी नाही. आमच्या कॉलनीत राहतात, हौस म्हणून वाजवतात.' आज सकाळी मी ते उत्तर बदलायला बसलो. बदलता येत नाही. जुन्या चर्चेला तिथे कुलूप लागतं, वाचता येतं, पण खोडता येत नाही. म्हणून इथे लिहितो. हे पेटी वाजवणारे माझे सदूभाऊ. पेटीवर माझं बोट त्यांनी ठेवलं, आणि लोकांसमोर त्यांना आपलं म्हणायची वेळ आली तेव्हा मी त्यांची लाज बाळगली.